दारी येणारी धोकटी : स्वयंरोजगारातल्या ‘स्व’चा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोन केला. म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला कांट शिकवलात. आता नखांवर बोलणार?" आम्ही म्हटलं, हो बाबा, नखांवरच बोलणार. नेमकं सांगायचं तर नखांवर काम करणाऱ्या माणसावर बोलणार. खांद्याला पिशवी लावून घरोघरी जाणारी आणि लोकांची नखं कापून, घासून, रंगवून देणारी स्त्री आज पुण्या-मुंबईतच काय, तालुक्याच्या गावीही दिसू लागली आहे. तिच्या कामाला मागे किती जुनी वाट आहे आणि त्या वाटेवर ‘स्वतःचा धंदा’ या शब्दाला काय अर्थ होता, हे आज आपल्याला बघायचं आहे.

विषय सुचला तो घरातच. सत्तरी ओलांडली की माणसाला एक साधी गोष्ट कळते, ती ही की आपला हात आपल्या पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचत नाही. त्यात साखरेचा त्रास असेल तर डॉक्टर बजावतात, पायाची नखं वेडीवाकडी कापू नका, जखम होऊ देऊ नका. मग आमच्या सूनबाईंनी एका बाईंना बोलावलं. तिशीतल्या असतील. स्कूटरवरून आल्या. पिशवीतून घडीचा टब काढला, टॉवेल काढला, नेलकटर, फाइल, ब्रश, जंतुनाशकाची बाटली असं सगळं ओळीने मांडलं, आणि जमिनीवर बसून आमचा पाय मांडीवर घेतला. आम्हाला फार अवघडल्यासारखं झालं. ते अवघडलेपण लपवायला आम्ही विचारलं, "कुठे नोकरीला असता?" त्या म्हणाल्या, "नोकरी नाही काका, माझं स्वतःचं आहे." हे म्हणतात न म्हणतात तोच त्यांचा फोन वाजला. हातातलं काम थांबवून, हात पुसून त्यांनी पडद्यावर बोट दाबलं आणि म्हणाल्या, "सॉरी काका. हे घ्यावंच लागतं."

मित्रहो, आजचं सगळं व्याख्यान या दोन वाक्यांच्या मध्ये आहे. ‘माझं स्वतःचं आहे’ आणि ‘हे घ्यावंच लागतं’. दोन्ही वाक्यं खरी होती. त्यांची निम्मी गिऱ्हाइकं स्वतः जोडलेली, निम्मी एका अ‍ॅपवरून येणारी. मग यातलं ‘स्वतःचं’ नेमकं किती?

हे मोजायला आपण तीन प्रश्न हाताशी ठेवू. कामाचा दर कोण ठरवतं? गिऱ्हाईक कुणाचं असतं? आणि तिसरा, आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : ‘नाही, येत नाही’ असं म्हणता येतं का, आणि म्हटलं तर पुढे काय होतं?

आता जरा मागे जाऊ. आपल्याकडे दारी येऊन नखं काढणारा पहिला माणूस म्हणजे न्हावी. त्याच्या पिशवीला धोकटी म्हणतात. धोकटीत वस्तरा, कात्री, सहाण, वाटी, आरसा, आणि एक छोटं टोकदार हत्यार असे, ते म्हणजे नराणी. नखं काढायचं हत्यार. हा शब्द संस्कृतातल्या ‘नखहरणी’शी नातं सांगतो. हिंदीत तोच ‘नहरनी’ होतो. नेलकटर घरोघरी आल्यावर नराणी गेली, आणि वस्तूबरोबर शब्दही गेला. आज विशीतल्या मुलांना नराणी विचारा, त्यांना ती एखाद्या गावाचं नाव वाटेल.

ही कला न्हाव्याच्या घरातल्या बायकांकडेही होती, आणि उत्तरेत व पूर्वेत तर ती खास त्यांचीच होती. बंगालमध्ये नापितिनी घरोघरी जाई, थेट अंतःपुरात जाई, बायकांची नखं काढी, टाचा घाशी आणि पायांना अळता लावी. उत्तर भारतात हेच काम नाइन करी. तिथे अळत्याला महावर म्हणतात. सतराव्या शतकातल्या बिहारीच्या सतसईत महावर लावायला बसलेली नाइन आहे. म्हणजे आज जिला आपण घरी येणारी नेल टेक्निशियन म्हणतो, तिची आजी-पणजी शोधायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. आपल्या महाराष्ट्रात बाईचा हात हातात घेणारा दारचा कारागीर म्हणजे बांगड्या भरणारा कासार किंवा कासारीण. पण नखं मात्र धोकटीतलीच.

आता आपले तीन प्रश्न त्या न्हाव्याला विचारू. दर कोण ठरवत होतं? महाराष्ट्रातल्या गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिलं, त्यात ही सगळी व्यवस्था तपशिलाने सांगितली आहे. एका दाढीचे किती, दहा बोटांचे किती, असा हिशेबच नव्हता. वर्षभर काम करायचं आणि सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावर जाऊन आपला धान्याचा वाटा घ्यायचा. वाटा वहिवाटीने ठरलेला. पीक बुडालं की तोही बुडाला. शिवाय लग्नकार्यात राबणं, पाहुण्याचं अंग रगडणं ही कामं त्याच हिशेबात. दर त्याच्या हातात नव्हता, हे स्पष्ट आहे.

गिऱ्हाईक कुणाचं होतं? इथे मात्र गंमत आहे. गिऱ्हाईक न्हाव्याचं होतं! त्याचं ते वतन होतं. गावातली अमुक घरं अमुक न्हाव्याची, ती बापाकडून मुलाकडे जायची, भावाभावांत वाटली जायची, आणि त्यावरून तंटे झाले तर ते पंचांपुढे जायचे. घरमालकाच्या मनात आलं म्हणून उद्यापासून दुसरा न्हावी, असं सहज होत नसे. उत्तरेतल्या याच व्यवस्थेला यजमानी म्हणतात. विल्यम वायझर यांनी उत्तर प्रदेशातल्या एका गावाचा अभ्यास करून १९३६ साली त्यावर पुस्तक लिहिलं, आणि तेव्हापासून समाजशास्त्रात यजमानी हा शब्द रुळला. आपण विद्यापीठात हे शिकतो तेव्हा एक तर त्याचं गोडवं गातो, गाव कसं एकमेकांच्या आधाराने चालायचं म्हणून, नाहीतर शोषण म्हणून एका ओळीत निकालात काढतो. दोन्हींत घाई होते. न्हाव्याला कुणी काढून टाकू शकत नव्हतं, ही गोष्ट खरी आहे आणि ती लहान नाही.

पण तिसरा प्रश्न? ‘येत नाही’ म्हणता येत होतं का?

इथे आम्हाला संत सेना महाराजांची गोष्ट आठवते. आपण सगळ्यांनी ती लहानपणी कीर्तनात ऐकली आहे. सेना न्हावी पूजेला बसले होते. राजाचं बोलावणं आलं. ते उठले नाहीत. पुन्हा बोलावणं आलं, तरी उठले नाहीत. राजा संतापला, शिक्षा फर्मावली. तेव्हा विठ्ठलाने सेना न्हाव्याचं रूप घेतलं, धोकटी खांद्याला लावली आणि स्वतः जाऊन राजाची सेवा केली. पुढे तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज रूप दिसलं, वगैरे. महिपतीबुवांनी ‘भक्तविजया’त ही कथा रंगवून सांगितली आहे.

भक्तीच्या अंगाने ही कथा गोड आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आज ती जरा वेगळ्या कानांनी ऐका. एका कारागिराने एका सकाळी सांगितलं की मी आत्ता येऊ शकत नाही, मला माझं काम आहे. या नकाराची किंमत होती त्याचा जीव. आणि आपल्या लोककल्पनेने त्यावर काय तोडगा काढला? राजाला ‘थांब’ म्हणायला लावलं नाही. कामाची वेळ चुकू नये म्हणून देवालाच पाठवलं! देव धोकटी घेऊन जाऊ शकतो, पण न्हावी ‘उद्या येतो’ म्हणू शकत नाही. ज्या समाजात ही कथा जन्मली, तिथे कारागिराचा नकार किती अशक्य होता, याचा याहून बोलका पुरावा दस्तऐवजांतही सापडायचा नाही.

इथे एक पुस्ती जोडली पाहिजे, नाहीतर चित्र खोटं होईल. न्हाव्याला नकार अगदीच ठाऊक नव्हता असं नाही. ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरवलं होतं, त्यांची हजामत गावचा न्हावी करत नसे. म्हणजे वरच्याला नाही म्हणायची मुभा नाही, आणि खालच्याला हो म्हणायची मुभा नाही. दोन्ही उत्तरं जातीने आधीच देऊन ठेवलेली. त्याच्या तोंडून नकार निघायचा, पण तो त्याचा नसायचा. केस आणि नखं ही शरीरापासून सुटली की अमंगळ मानायची, आणि ती काढणाऱ्याच्या हाताला ती अमंगळता चिकटवायची, ही आपली जुनी रीत. ग्रीकांकडेही वेगळं नव्हतं. ‘पॉलिटिक्स’मध्ये अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की हाताने काम करणारा कारागीर एका मर्यादित अर्थाने गुलामच असतो. गुलाम आयुष्यभर मालकाचा, कारागीर कामापुरता. अ‍ॅरिस्टॉटल आम्ही पस्तीस वर्षं शिकवला. पण पाय दुसऱ्याच्या मांडीवर ठेवून बसेपर्यंत या वाक्याकडे आमचं नीट लक्ष गेलं नव्हतं, हे कबूल करायला हवं.

मग न्हाव्याच्या तोंडून स्वतःचा म्हणावा असा नकार पहिल्यांदा ठसठशीतपणे कधी ऐकू आला? आपल्या इतिहासात त्याला एक साल आहे, १८९० साल, आणि गाव आहे मुंबई. त्या काळी उच्चवर्णीय घरांत नवरा गेला की विधवेचे केस काढले जात. वय कितीही असो. हे काम करायला न्हाव्याला घरी बोलावलं जाई. पुढे केस वाढले की पुन्हा तो बोलावणं आल्यावर येई. ‘दीनबंधू’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक चळवळीतले. त्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेतली आणि ठरवलं, की यापुढे आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. त्याची बातमी लंडनच्या वृत्तपत्रापर्यंत गेली.

या घटनेकडे आपण नेहमी समाजसुधारणेच्या बाजूने बघतो, आणि ते बरोबरच आहे. आज तिच्याकडे कामाच्या बाजूने बघू. शास्त्री-पंडित वाद घालत होते, सुधारक लेख लिहीत होते, सरकार धर्मात हात घालायला कचरत होतं. आणि ज्याच्या हातात प्रत्यक्ष वस्तरा होता तो म्हणाला, आम्ही करणार नाही. क्रौर्याला शेवटी कुणाचा तरी हात लागतो, आणि त्या हाताने नाही म्हटलं तर ते अडतं. केशवपन त्या एका सभेने थांबलं असं नाही, पुढेही बरीच वर्षं ते चाललं. पण दोन गोष्टी त्या दिवशी सिद्ध झाल्या. एक, दारी जाणारा कारागीरही ‘हे काम मी करणार नाही’ म्हणू शकतो. दोन, तो हे एकटा म्हणू शकत नाही. एकट्याने म्हटलं तर दुसरा न्हावी बोलावला जातो. सगळ्यांनी मिळून म्हटलं तरच त्या शब्दाला वजन येतं.

शहरात आल्यावर न्हाव्याचं आणखी एक रूपांतर झालं. त्याने दुकान थाटलं. आता गिऱ्हाईक त्याच्याकडे येऊ लागलं. भिंतीवर दरपत्रक लागलं, ते संघटनेने ठरवलेलं. आणि मुंबईत, महाराष्ट्रात इतरही अनेक ठिकाणी सलून सोमवारी बंद राहू लागलं. सोमवारच्या या सुट्टीचं आपल्याला कधी काही वाटत नाही. पण ज्याला राजाच्या बोलावण्याला ‘थोडं थांबा’ म्हणता आलं नव्हतं, त्याच्या वंशजांनी आठवड्यातला एक अख्खा दिवस ‘आज नाही’ असं दारावर लिहून ठेवलं. दर आपला आणि सुट्टी आपली. आपल्या तीन प्रश्नांवर सलूनवाल्याला बऱ्यापैकी गुण मिळतात.

इकडे हे चाललं असताना तिकडे नखांचा मोठा व्यापार उभा राहत होता. त्यात फार रेंगाळायला नको, पण धागा जोडण्यापुरतं बघू. ‘मॅनिक्युअर’ हा शब्द लॅटिनमधला, हाताची निगा एवढाच त्याचा अर्थ. मेरी कॉब नावाची स्त्री पॅरिसला जाऊन ही कला शिकली आणि १८७८ साली तिने न्यूयॉर्कमध्ये त्याचं दुकान काढलं. पुढे रसायनशास्त्र मदतीला आलं. मोटारगाड्यांच्या चकचकीत रंगात जे नायट्रोसेल्युलोज असे तेच नखांच्या रंगात आलं. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये रेव्हलॉन कंपनी सुरू झाली, आणि नेलपेंट बाटलीतून जगभर गेलं. १९५४ साली अमेरिकेतल्या फ्रेडरिक स्लॅक या दंतवैद्याचं नख तुटलं, आणि त्याने दात बसवायच्या अ‍ॅक्रिलिकने ते दुरुस्त केलं. आजच्या कृत्रिम नखांची वाट तिथून निघाली.

या व्यापारातली आपल्या उपयोगाची गोष्ट १९७५ सालातली आहे. व्हिएतनामचं युद्ध संपलं, निर्वासित अमेरिकेत आले. कॅलिफोर्नियातल्या एका निर्वासित छावणीत टिप्पी हेड्रेन ही अभिनेत्री मदतीला जात असे. तिथल्या बायकांना तिची रंगवलेली नखं फार आवडली. तिने आपल्या मॅनिक्युअर करणाऱ्या बाईंना तिथे नेलं आणि सुमारे वीस जणींना हे काम शिकवलं. त्यांनी आपल्या बहिणींना, जावांना शिकवलं. आज अमेरिकेतल्या नखांच्या धंद्यात निम्म्याहून अधिक माणसं व्हिएतनामी मूळची आहेत. कारण समजायला सोपं आहे. भाषा फार लागत नाही, भांडवल थोडं, शिक्षण काही महिन्यांचं. ज्याच्यापाशी दुसरं काही उरलेलं नाही त्याला हा धंदा आत घेतो. हे या धंद्याचं मोठेपण आहे, आणि दुबळेपणही त्यातच आहे. कारण जिथे आत येणं सोपं, तिथे पाच रुपये कमी घेऊन काम करणारी दुसरी कुणी तरी नेहमी दाराशी उभी असते.

आता पुन्हा भारतात या, आणि ‘स्वयंरोजगार’ हा शब्द बघा. तो आज सरकारी योजनेच्या फलकावर असतो म्हणून आपल्याला गुळगुळीत वाटतो. पण एका काळी तो लढून मिळवावा लागला होता. १९७२ साली अहमदाबादमध्ये इलाबेन भट्ट यांनी ‘सेवा’ ही संघटना सुरू केली. डोक्यावर कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या, जुने कपडे विकणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायका तिच्या सभासद. त्यांना कामगार संघटना म्हणून नोंदणी हवी होती. कामगार खात्याने हरकत घेतली, की तुम्हाला मालकच नाही, तर तुम्ही भांडणार कुणाशी? मालक नाही म्हणजे कामगार नाही, आणि कामगार नाही म्हणजे संघटना नाही. इलाबेननी सांगितलं की संघटना कुणाच्या तरी विरुद्धच असावी लागते असं नाही, ती आपल्या माणसांसाठीही असते. अखेर नोंदणी मिळाली. त्या संघटनेच्या नावातच ‘स्वयंरोजगारी स्त्रिया’ हा शब्द आहे. त्यातल्या ‘स्वयं’चा अर्थ एकटी असा नव्हता. मालक दिसत नसला तरी मी कामगार आहे, असा तो दावा होता.

पन्नास वर्षांनी हाच शब्द उलटा फिरला, आणि आपण आपल्या बैठकीच्या खोलीत परत आलो. आता मोबाइलवरचं अ‍ॅप म्हणतं, या बाई आमच्या नोकर नाहीत, त्या स्वयंरोजगारी आहेत, आम्ही फक्त गाठ घालून देतो. ठीक आहे. मग आपले तीन प्रश्न विचारू. दर कोण ठरवतं? अ‍ॅप. गिऱ्हाईक कुणाचं? अ‍ॅपचं. आणि नाही म्हणता येतं का? म्हणता येतं की! कुणी हात धरत नाही. फक्त दोन-चारदा नाही म्हटलं की कामं कमी दिसू लागतात, गुण घसरतात, आणि एका सकाळी अ‍ॅप उघडतच नाही.

हा आमचा तिरकसपणा आहे असं वाटू नये म्हणून न्यायालयाचा दाखला देतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या टॅक्सीचालकांच्या खटल्यात निकाल दिला. करारात काय लिहिलंय यापेक्षा प्रत्यक्षात काय चालतं ते न्यायालयाने पाहिलं. भाडं कोण ठरवतं, कराराच्या अटी कोण घालतं, फेरी नाकारली तर काय होतं, गुण देऊन ताबा कोण ठेवतं, आणि चालक व प्रवासी यांचा परस्पर संबंध जुळू दिला जातो का. या पाच गोष्टी पाहून न्यायालय म्हणालं, हे चालक स्वतंत्र धंदेवाले नाहीत, ते कामगार आहेत, त्यांना किमान वेतन आणि पगारी सुट्टी मिळाली पाहिजे. बघा, आपले तिन्ही प्रश्न त्या पाचांत आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुरुग्रामला घरोघरी जाऊन सौंदर्यसेवा देणाऱ्या बायका एका अ‍ॅप कंपनीच्या कार्यालयासमोर बसल्या. कमिशन फार कापलं जातं, सामान कंपनीकडूनच घ्यावं लागतं, गुणांच्या धाकात जगावं लागतं, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ज्यांनी एकमेकींना कधी पाहिलंही नसेल अशा बायका त्या दिवशी एकत्र आल्या. ज्या धंद्यात दुकानही नाही आणि सोमवारही नाही, त्यात एकत्र येणं किती कठीण, याची कल्पना करा.

आपल्या संसदेने २०२० साली सामाजिक सुरक्षा संहिता केली, ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तीत पहिल्यांदाच अशा कामगारांची व्याख्या आली, आणि त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीतला एक ते दोन टक्के वाटा द्यावा अशी तरतूद आली. हे पाऊल पुढेच आहे. पण ती व्याख्याच अशी आहे की हे लोक मालक-नोकर या नेहमीच्या नात्याच्या बाहेरचे. म्हणजे विमा मिळेल, पण दर कोण ठरवतो आणि नकाराची शिक्षा कोण देतो, हे प्रश्न जिथल्या तिथे.

आता या सगळ्याची बेरीज करू. गावगाड्यातल्या न्हाव्याला नकार नव्हता, पण त्याला कुणी काढूही शकत नव्हतं. तो एक सौदा होता. वाईट सौदा, जातीने बांधलेला, पण दोन बाजू असलेला. अ‍ॅपवरच्या कामात त्या सौद्यातली वाईट बाजू उरली आणि बरी गेली. नकार महाग, आणि काढून टाकणं फुकट. आणि हो, एक फार मोठी गोष्ट बदलली आहे, ती नाकारून चालणार नाही. हे काम आज कुणालाही, कुठल्याही जातीच्या मुलीला करता येतं, आणि उद्या सोडताही येतं. धोकटी जन्माने गळ्यात पडत नाही. हे स्वातंत्र्य खरं आहे. पण जुनी शिवण अजून दिसते. गावचा न्हावी अंगणात नाहीतर ओसरीवर बसे, घरात येत नसे. आजच्या बाई थेट आतल्या खोलीत येतात. मात्र काही गृहसंकुलांत त्यांना मालाच्या लिफ्टने वर पाठवतात, आणि चार घरं फिरून आलेल्या बाईला स्वच्छतागृह वापरू द्यायचं की नाही, यावर सुशिक्षित घरांत विचार करावा लागतो.

आमच्याकडे येणाऱ्या बाईंना आम्ही नंतर एकदा विचारलं, अ‍ॅप सोडून सगळी गिऱ्हाइकं स्वतःचीच का नाही करत? त्या फाइल चालवता चालवता म्हणाल्या, "काका, स्वतःच्या गिऱ्हाइकाला मी नाही म्हणू शकते. पण मुलीला ताप आला म्हणून दोन दिवस नाही म्हटलं, तर ते दोन दिवस कुणी भरून देत नाही. अ‍ॅपवर निदान काम सतत येतं." आम्ही गप्प बसलो. स्वातंत्र्यावरची आमची सगळी व्याख्यानं त्यांनी एका वाक्यात तपासून परत केली होती. नाही म्हणता येणं पुरेसं नाही, नाही म्हटल्यावर चूल पेटती राहिली पाहिजे. एकटीच्या बळावर हे होत नाही. १८९० च्या न्हाव्यांना ते कळलं होतं, सेवेच्या बायकांना कळलं होतं, आणि सोमवारी दुकान बंद ठेवणाऱ्या सलूनवाल्याला ते न शिकवता कळतं.

कायदा व्हायचा तेव्हा होईल, संघटना व्हायची तेव्हा होईल. तोवर आपल्यापुरतं काय? आपण, म्हणजे गिऱ्हाईक, त्या गुणांच्या यंत्रातला एक दात आहोत, हे विसरू नये. आपण चिडून दिलेले दोन तारे म्हणजे कुणाची तरी आठवड्याची कामं असतात. त्यांनी यायची वेळ पुढे ढकलली तर ते सहन करायला आपण शिकावं. पाणी विचारावं, खुर्ची द्यावी. आणि त्यांनी आपलं काम नाकारलं, तर त्याचा राग मानू नये.

मागच्याच आठवड्यातली गोष्ट. त्या बाईंचा निरोप आला, "काका, उद्या जमणार नाही, मुलीचं शाळेत काही आहे. सोमवारी येते." आमची नखं वाढली होती, मोजा घालताना अडकत होती. तरी आम्हाला त्या निरोपाचा फार आनंद झाला. सेना महाराजांच्या वेळी या एका वाक्यासाठी देवाला यावं लागलं होतं. आम्ही उलट निरोप धाडला, सावकाश या.